एकच फ्लॅश आहे. चेहरे सपाट येतात, मागे सगळं काळं. नेमकं कुठे चुकतंय?

कवडसा

नमस्कार. माझ्याकडे हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) बसणारा एक फ्लॅश आहे. खोक्यावर गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ६० लिहिलाय, डोकं वर-खाली आणि दोन्ही बाजूंना फिरतं, पॉवर १/१ पासून १/१२८ पर्यंत कमी होते. कॅमेरा क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा, लेन्स ३५ मिमी एफ १.८ आणि १८-५५ किट. फोटो मुख्यतः रात्री घरात, माणसांचे. सेटिंग अशी: कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/२००, एफ ८, फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे पॉवर कॅमेराच ठरवतो.

अडचणी चार आहेत. फ्लॅश सरळ समोर मारला की चेहरा पांढराफटक आणि सपाट दिसतो, कपाळ चकाकतं आणि मागच्या भिंतीवर माणसाला चिकटून काळीकुट्ट सावली पडते. भिंत लांब असली तर खोलीच गायब होते, जणू माणूस अंधाऱ्या विहिरीत उभा आहे. फ्लॅश छताकडे वळवला की कधी फार छान येतं, कधी डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, तर कधी चेहरा पिवळा. आणि एकाच जागेवरून ओळीने पाच फोटो काढले तरी पाचांचा उजेड वेगवेगळा.

दुसरा फ्लॅश किंवा सॉफ्टबॉक्स घेण्याआधी हा एक नीट वापरता यायला हवा. सुरुवात कुठून करू?

झरोका

दुसरा फ्लॅश सध्या नकोच. एका दिव्याची सावली कुठे पडणार हे न पाहता सांगता येत नाही, तोवर दुसरा दिवा गोंधळच वाढवतो.

तुमची काळ्या खोलीची अडचण पूर्णपणे सेटिंगची आहे. फ्लॅशच्या फोटोत दोन एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर नोंदले जाणारे दोन उजेड, एकावर एक पडतात: एक खोलीतल्या दिव्यांचं आणि दुसरं फ्लॅशचं. फ्लॅशचा झोत पूर्ण पॉवरलाही सेकंदाच्या काहीशेव्या भागात आटोपतो, आणि १/१२८ ला तर १/२०००० सेकंदाच्या आसपास. त्या आधी शटर पूर्ण उघडलेलं असतं आणि झोत संपल्यावर बंद होतं. म्हणून शटर १/३० ठेवा की १/२००, फ्लॅशचा उजेड तेवढाच नोंदला जातो. खोलीतले दिवे मात्र शटर उघडं असेपर्यंत सेन्सरवर पडतच राहतात. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफ चा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोन्ही उजेडांना सारखेच लागू. तेव्हा खोली उजळ-गडद करायची तर शटर फिरवा, माणूस उजळ-गडद करायचा तर फ्लॅशची पॉवर फिरवा.

आता तुमच्या सेटिंगचा हिशेब. रात्री दिवे लावलेल्या साध्या खोलीत आयएसओ ८००, एफ २.८, १/६० ला एक्स्पोजर जेमतेम बरोबर येतं. तुम्ही आयएसओ १०० वर आहात, तिथे तीन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). एफ २.८ ऐवजी एफ ८, आणखी तीन. १/६० ऐवजी १/२००, जवळजवळ पावणेदोन. एकूण साडेसात स्टॉपच्या वर. खोली काळी येणारच. तिच्यातला उजेड सेन्सरपर्यंत पोचूच दिलेला नाही.

आयएसओ ८००, एफ ४, १/६० वर या. इथे खोली एक स्टॉपने गडद राहते, म्हणजे दिव्यांची ऊब आणि मागच्या वस्तू दिसतात, पण नजर माणसावरच जाते. शिवाय आयएसओ १००, एफ ८ च्या तुलनेत फ्लॅशला पाच स्टॉप कमी काम पडतं. तिथे १/१ लागत असेल तर इथे १/३२ पुरेल. ही वाचलेली पॉवर फार मोलाची आहे: तिच्या जोरावर झोत भिंतीवरून फिरवून आणता येतो, सेल टिकतात आणि पुढच्या फोटोसाठी फ्लॅश लगेच तयार होतो. आयएसओ वाढवायला घाबरू नका. गडद येऊन नंतर उजळ केलेला आयएसओ १०० चा चेहरा नीट एक्स्पोज झालेल्या ८०० पेक्षा बरा दिसत नाही.

सरावासाठी माणूस ताटकळत ठेवू नका. नाक-डोळे नीट उठावदार असलेली, चकाकी नसलेली बाहुली किंवा मूर्ती टेबलावर ठेवा, मागची भिंत दीड-दोन मीटर दूर हवी. आधी फ्लॅश बंद ठेवून वरच्या सेटिंगला एक फोटो घ्या. खोली पसंत पडेपर्यंत फक्त शटर किंवा आयएसओ बदला. मग फ्लॅश मॅन्युअलवर, पॉवर १/८, डोकं छताकडे करून मागे कललेलं. फोटो घ्या. बाहुली गडद असेल तर १/४, फटफटीत असेल तर १/१६. ती बरोबर आली की पॉवरला हात न लावता शटर १/३०, १/६०, १/१२५, १/२०० असे चार फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. खोली पायरीपायरीने विझत जाईल, बाहुली जवळपास तशीच राहील. अगदी तशीच नाही, कारण तिच्यावरही खोलीचा थोडा उजेड आहेच. १/३० ला ती किंचित उजळ दिसेल. हा फरक डोळ्यांनी एकदा पाहिलात की पुढचं बरंच सोपं होतं.

या सरावात तीन गोष्टी आडव्या येतात. ऑटो आयएसओ चालू राहिला तर कॅमेरा तुमच्या मागे आकडे बदलतो. तो बंद करा. कॅमेरा मिररलेस असेल आणि स्क्रीनवर एक्स्पोजर प्रिव्ह्यू चालू असेल, तर खोली गडद ठेवल्यावर फ्रेमच दिसत नाही. मेनूतून प्रिव्ह्यू बंद करा. आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही, तेव्हा मेकॅनिकल शटर निवडा.

तिरीप

झरोका यांनी उजेड किती ते सांगितलं. तो कुठून यावा ते मी सांगतो, कारण सपाट चेहरा आणि डोळ्यांतले खड्डे ही दोन्ही दिशेची दुखणी आहेत.

फ्लॅशचं तोंड जेमतेम सात-आठ सेंटिमीटर रुंद. कॅमेऱ्यावरून सरळ मारला की उजेड लेन्सच्याच वाटेने जातो, चेहऱ्याच्या खाचखळग्यांतल्या सावल्या मागे लपतात आणि चेहरा कागदासारखा होतो. उगम लहान म्हणून सावलीची कड धारदार. लेन्सला जवळ म्हणून डोळे लाल होण्याचा धोकाही असतो. समोर बसवायचा प्लास्टिकचा डबा यात काही सुधारत नाही, कारण तो फ्लॅशच्या तोंडापेक्षा फारसा मोठा नसतो. खोलीत त्याचा थोडा फायदा दिसतो तो त्यातून उजेड भिंतींवर उधळला जातो म्हणून. मोकळ्या मैदानात तो नुसती पॉवर खातो.

बाउन्स करताना, म्हणजे झोत भिंतीवरून किंवा छतावरून परतवताना, फ्लॅशला विसरा आणि भिंतीकडे पाहा. झोत भिंतीवर जिथे पडतो तो उजळ पट्टा हाच तुमचा खरा दिवा. स्वतःला एवढंच विचारा: या खोलीत मोठी खिडकी माझ्या मर्जीने बसवता आली असती तर चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला, किती उंचीवर बसवली असती? फ्लॅशचं तोंड तिकडे करा. सहसा ही जागा माणसाच्या एका बाजूला, थोडी पुढे, त्याच्या डोक्याहून वर येते; भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्याजवळ. माणसाने चेहरा उजवीकडे वळवला असेल तर फ्लॅशही त्याच बाजूच्या भिंतीकडे जाऊ द्या.

छतावर सरळ वर मारला आणि माणूस जवळ असला की उजळ पट्टा त्याच्या डोक्यावरच तयार होतो. भुवयांची आणि नाकाची सावली खाली उतरते. तेच तुमचे काळे खड्डे. डोकं ९० अंशांवर न ठेवता मागे, म्हणजे तुमच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे कलतं करा. पट्टा तुमच्या मागे-वर जातो आणि चेहऱ्यावर उजेड पुढून-वरून येतो. मागची भिंत लांब असेल तर बाजूची निवडा.

बाउन्समध्ये एक गळती असते, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डोकं बाजूला वळवलं तरी झोताची कड थेट माणसावर पडते, आणि भिंतीवरून आलेल्या मऊ उजेडावर ती पातळ, कडक थर चढवते. नाकाशेजारी मऊ सावलीत आणखी एक बारीक, रेखीव सावली दिसली तर समजा गळती आहे. उपाय साधा: काळ्या क्राफ्ट फोमचा साधारण १२ बाय २० सेंटिमीटरचा तुकडा फ्लॅशच्या डोक्यावर रबरबँडने बसवा, माणसाच्या बाजूला पुढे आलेला. फोम इतका पुढे हवा की माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं तर फ्लॅशची काच दिसणार नाही. भिंत मात्र मोकळी दिसली पाहिजे.

पॉवरचा अंदाज: खोक्यावरचा ६० हा आकडा बहुधा फ्लॅशचं डोकं २०० मिमी झूमवर, म्हणजे झोत सर्वांत अरुंद असतानाचा असतो. ३५ मिमी झूमला अशा फ्लॅशचा गाइड नंबर ३६ च्या आसपास येतो. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की आयएसओ १०० चं अॅपर्चर मिळतं. अंतर मोजायचं ते फ्लॅशपासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून माणसापर्यंत, दोन्ही मिळून. हे ४ मीटर झालं तर ३६ भागिले ४ म्हणजे एफ ९. पांढरं छत उजेड इतस्ततः उधळतं, त्यात दोन-तीन स्टॉप जातात. म्हणजे पूर्ण पॉवरला आयएसओ १०० वर एफ ४ च्या आसपास. आयएसओ ८०० केला की तीन स्टॉप हातात येतात, आणि झरोका यांनी सांगितलेला १/८ मिळतो. छत साडेचार-पाच मीटर उंच किंवा काळ्या लाकडाचं असेल तर हा हिशेब कोलमडतो. तिथे भिंत शोधा, नाहीतर कुणाच्या तरी हातात मोठा पांढरा फोमबोर्ड द्या.

पिवळ्या चेहऱ्याची कारणं दोन असतात, ती वेगळी काढा. भिंत क्रीम किंवा पिवळी असेल तर ती तिचा रंग उजेडात मिसळते. अशा वेळी रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, त्याच जागी राखाडी कार्डाचा एक फोटो घ्या आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा मेळ) लावा. हिरव्या किंवा गुलाबी भिंतीच्या वाट्याला जाऊच नका; चेहऱ्याची एक बाजू रंगते आणि दुसरी नाही, मग एका व्हाइट बॅलन्सने दोन्ही सुधारत नाहीत.

दुसरं कारण खोलीतले दिवे. फ्लॅश साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), पिवळे दिवे २७०० ते ३२००. फ्लॅशला व्हाइट बॅलन्स लावला तर मागची खोली नारिंगी दिसणार. थोडी नारिंगी छान दिसते. जास्त झाली तर फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक कागद) चिकटवा. पूर्ण सीटीओने फ्लॅश दिव्यांच्या जवळ येतो, पाऊण-एक स्टॉप जातो. मग व्हाइट बॅलन्स ३२०० च्या आसपास ठेवा, माणूस आणि खोली एका रंगात येतात. मला स्वतःला अर्धा सीटीओ जास्त आवडतो. चेहरा स्वच्छ राहतो आणि खोलीची ऊबही पुरती पुसली जात नाही.

काजवा

पाच फोटो, पाच उजेड, हे टीटीएलमुळे. मुख्य झोताआधी फ्लॅश एक बारीक झोत टाकतो, कॅमेरा परतलेला उजेड मोजतो आणि त्यावरून पॉवर ठरवतो. पांढरा सदरा फ्रेममध्ये जास्त आला की त्याला वाटतं उजेड पुष्कळ आहे, मग पॉवर कमी. काळा कोट आला की पॉवर जास्त आणि चेहरा फटफटीत. मागे आरसा किंवा काच असेल तर अंदाज आणखी चुकतो. फ्रेम जरा हलवली तरी हे सगळं बदलतं.

पण म्हणून टीटीएल सोडा असं मी म्हणणार नाही, इथे वरच्यांशी थोडा मतभेद. ठरवायचं ते एका गोष्टीवरून: फ्लॅशपासून माणसापर्यंतचं उजेडाचं अंतर स्थिर आहे की बदलतंय? माणूस खुर्चीत बसलाय, तुम्हीही जागेवर आहात, तर मॅन्युअल. एकदा जुळवलं की शंभर फोटो सारखे येतात. मुलं धावतायत, तुम्ही खोलीभर फिरताय, कधी ही भिंत तर कधी ती, तर टीटीएल. नाहीतर प्रत्येक वेळी पॉवर बदलता बदलता क्षण निघून जातो. टीटीएलवर फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या पॉवरची स्टॉपमध्ये वाढ-घट, वापरा: पांढऱ्या कपड्यांना +२/३ ते +१, काळ्यांना तेवढंच उणे. कॅमेऱ्याचं साधं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वेगळं. ते काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत फक्त खोलीच्या उजेडाला लागू होतं, काहींत फ्लॅशलाही. आपल्या कॅमेऱ्यात काय होतं ते बाहुलीवर दोन फोटो काढून तपासा.

मिटलेल्या डोळ्यांचं कारणही पुष्कळदा तो आधीचा झोतच असतो. काही माणसं पहिल्या झोताला पापणी मिटतात आणि मुख्य झोत येतो तेव्हा ती अर्ध्यावर असते. फ्लॅश एक्स्पोजर लॉकचं बटण आधी दाबा. मोजणीचा झोत तेव्हाच होऊन जातो. क्षणभर थांबा, मग शटर दाबा.

कवडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाहुलीवर सगळं करून पाहिलं. शटरचे चार फोटो शेजारी ठेवल्यावर ‘खोलीसाठी शटर, माणसासाठी पॉवर’ याचा अर्थ कळला. फोम लावल्यावर नाकाजवळची दुसरी सावलीही गेली.

नवे प्रश्न: (१) एका साध्या रेडिओ ट्रिगरने (दुरून फ्लॅश पेटवणाऱ्या यंत्राने) फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून पाहिला, तर १/३२० ला फोटोच्या एका कडेला काळी पट्टी आली. १/२५० लाही बारीक पट्टी आहे. (२) छत्री घ्यायची तर फ्लॅश कुठे आणि किती लांब ठेवावा? (३) भर उन्हात हाच फ्लॅश पुरेल का? (४) चष्म्यात पांढरा ठिपका येतो.

संधिप्रकाश

पट्टीचं आधी. कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. सिंक स्पीडपर्यंत (फ्लॅशसोबत चालणाऱ्या शटरच्या कमाल वेगापर्यंत), तुमच्याकडे बहुधा १/२००, पहिला पडदा पूर्ण उघडल्यावर दुसरा निघतो. मध्ये एक क्षण सगळा सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश तेव्हाच पेटतो. त्याहून वेगात दुसरा पडदा आधीच निघालेला असतो आणि सेन्सरचा जो भाग त्याने झाकला तिथे फ्लॅश पोचत नाही. कॅमेऱ्यावर ओळखीचा फ्लॅश असला की कॅमेरा शटर आपोआप १/२०० ला अडवतो. साध्या ट्रिगरची त्याला ओळख पटत नाही, म्हणून अडवत नाही. शिवाय काही ट्रिगर सूक्ष्म उशीर करतात. तुम्ही १/१६० वर राहा. हाय स्पीड सिंक असलेला ट्रिगर आणि फ्लॅश असेल तर वर जाता येतं, पण तेव्हा फ्लॅश एका झोताऐवजी झपाट्याने अनेक छोटे झोत टाकतो आणि दोन-तीन स्टॉप तरी जातात.

छत्री घ्या, जरूर घ्या. एक फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला की उजेड खऱ्या अर्थाने तुमच्या हातात येतो. पांढरी, आरपार उजेड जाऊ देणारी १०० सेंटिमीटरच्या आसपासची छत्री, एक स्टँड आणि छत्री-फ्लॅश दोन्ही धरणारा ब्रॅकेट, एवढं पुरे. फ्लॅशचं डोकं २४ किंवा ३५ मिमी झूमवर ठेवा, म्हणजे झोत छत्रीभर पसरतो. १०५ वर राहिला तर मधोमध एक झगमगीत गोल आणि कडेला अंधार. मग मोठी छत्री असूनही उजेड लहान दिव्यासारखा कडक पडतो.

पहिली जागा: माणसाच्या नाकाच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला, आणि एवढी उंच की उजेड साधारण ४५ अंशांतून खाली उतरेल. इथून पुढे कोन मोजू नका, चेहरा पाहा. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका वरच्या बाजूला दिसतोय का? नाकाची सावली तिरकी खाली येऊन ओठाच्या वर थांबतेय का? ठिपका नाहीसा झाला तर छत्री फार उंच गेली. नाकाची सावली गालावरून आडवी धावतेय, तर छत्री फार खाली आणि फार बाजूला गेली. छत्री दहा-पंधरा सेंटिमीटर सरकवली तरी चेहरा बदलतो, म्हणून एका वेळी एकच गोष्ट हलवा: आधी उंची, मग कोन, मग अंतर.

उजेडाचा मऊपणा उगम चेहऱ्याच्या मानाने किती मोठा दिसतो त्यावर ठरतो. १०० सेंटिमीटरची छत्री १ मीटरवर मऊ, तीच ४ मीटरवर बरीच कडक. डोकं-खांद्याच्या फोटोला छत्रीच्या व्यासाइतकं अंतर ही चांगली सुरुवात, म्हणजे मीटरभर. सेटिंग आयएसओ २००, १/१६०, एफ ५.६, पॉवर १/४, मग हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहून वर-खाली.

अंतराने पार्श्वभूमीही बदलते, आणि एका फ्लॅशवाल्याने हे पक्कं डोक्यात ठेवलं पाहिजे. अंतर दुप्पट की उजेड चौथाई, म्हणजे दोन स्टॉप, १.४ पट की एक स्टॉप. छत्री माणसापासून १ मीटर आणि भिंत छत्रीपासून ३ मीटर असेल, तर भिंतीवर उजेड नवव्या हिश्श्याचा, तीन स्टॉपहून जास्त गडद. पांढरी भिंतही गडद राखाडी दिसते. माणूस आणि भिंत आहेत तिथेच ठेवून छत्री मागे नेली, माणसापासून ३ आणि भिंतीपासून ५ मीटर, तर फरक दीड स्टॉपवर येतो आणि भिंत उजळते. एकच दिवा, पण पार्श्वभूमीची छटा त्याच्या अंतराने बदलता येते. तसंच दोन माणसं शेजारी, एक छत्रीपासून १ मीटर आणि दुसरा १.४ वर, तर दुसरा पूर्ण एक स्टॉप गडद. छत्री ३ मीटरवर नेली की तो फरक स्टॉपच्या तिसऱ्या भागावर येतो. पॉवर मात्र तीन स्टॉपहून जास्त वाढवावी लागते, त्याची तयारी ठेवा. १/४ वरून निघालात तर शेवटचा स्टॉप-दीड स्टॉप आयएसओतून घ्यावा लागेल.

चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी वाटली तर दुसरा फ्लॅश नको, पांढरा थर्मोकोल किंवा फोमबोर्ड त्या बाजूला ६० ते ८० सेंटिमीटरवर, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणून उभा करा. त्या जागी काळा कागद ठेवला तर सावली आणखी खोल होते. बारीक चेहरा आणि रुंद चेहरा यांना दोन्ही करून पाहा, फरक लगेच दिसतो.

ऊन: स्वच्छ भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६, १/१००. सिंकसाठी १/२०० धरला तर एफ ११. फ्लॅश सरळ, ३५ मिमी झूम, पूर्ण पॉवर: ३६ भागिले ११ म्हणजे सव्वातीन मीटर. म्हणजे उघड्या फ्लॅशने सव्वातीन मीटरवर उन्हाची बरोबरी होते, पण छत्री लावली की दोनेक स्टॉप जातात आणि हेच अंतर दीड मीटरच्या आसपास येतं. उन्हाशी झुंजण्यापेक्षा ऊन माणसाच्या पाठीमागे घ्या आणि फ्लॅशने फक्त चेहऱ्यावरची सावली भरून काढा, टीटीएलवर -१ ते -१.७. माणूस सावलीत उभा असेल तर काम आणखी हलकं. आणि मोकळ्यावर छत्रीच्या स्टँडला वाळूची पिशवी अडकवाच. झुळूक आली तरी छत्री शिडासारखी भरते, आणि स्टँड पडला की फ्लॅशचा पाय मोडतो.

काजवा

सेलचं राहिलं. चार एए सेलवर चालणारा फ्लॅश असेल तर निकेल मेटल हायड्राइडचे, कमी गळतीचे रिचार्जेबल वापरा. अल्कलाइन सुरुवातीला बरे चालतात, पण काही फोटोंनंतर फ्लॅश भरायला वेळ लागत जातो. चारांचा एक संच करा, सेलवर खुणा करा, एकत्र चार्ज करा आणि दुसऱ्या संचाशी मिसळू नका. एक कमजोर सेल बाकीच्या तिघांना ओढतो.

तयार असल्याचा दिवा लागला म्हणजे कपॅसिटर (फ्लॅशमधला वीज साठवणारा भाग) पुरता भरला असं नसतं. पूर्ण पॉवरला दिवा लागताक्षणी शटर दाबलं तर फोटो थोडा गडद येऊ शकतो. पाच फोटोंतल्या फरकात याचाही हात असू शकतो. पूर्ण पॉवरचे वीस-तीस झोत लागोपाठ टाकले की बरेच फ्लॅश तापून स्वतःला थांबवतात, त्यांना दहा मिनिटं निवू द्या. बिघडला तरी फ्लॅश घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते टिकून राहतात.

कुणी फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश दिला तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर थेट बसवू नका. काहींच्या पायावर ट्रिगरचा विजेचा दाब २०० व्होल्टच्या वर असतो आणि त्याने कॅमेरा बिघडू शकतो.

तिरीप

चष्म्याचा ठिपका: काचेवर उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. लेन्स त्या परतीच्या वाटेवर असली की ठिपका येतो. फ्लॅश कॅमेऱ्यावर असला तर तो लेन्सच्याच वाटेने जातो आणि परततो, म्हणून ठिपका हटत नाही. बाउन्स किंवा छत्री वापरत असाल तर आधी उजेडाचा उगम वर न्या, मग बाजूला. तेवढ्याने गेला नाही तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलायला सांगा. काचा सेंटिमीटरभर पुढे झुकतात आणि प्रतिबिंब खाली निघून जातं. हनुवटी थोडी खाली घेतली तरी तेच होतं. एवढं करूनही छत्रीचा पांढरा पट्टा काचेत उरला, तर छत्री लहान करा किंवा थोडी लांब न्या. उजेड जरा कडक होईल, पण डोळे दिसतील.